खालून न लावलेली पट्टी

माझी होडी अठरा फुटांची आहे. फायबरची, एका डोलकाठीची. मुंबईतल्या एका क्लबाने ती जुनी झाली म्हणून विकायला काढली, तेव्हा मी नुकताच निवृत्त झालो होतो. टेम्पोवर चढवून रो-रो बोटीतून मांडव्याला उतरवली. घरात कोणालाच ते पटलं नव्हतं. आमचं मूळ गाव पेणच्या आतल्या अंगाला. भाताची खाचरं, वाल, चार आंब्याची झाडं. आमच्या घरातलं कोणी गुडघाभर पाण्याच्या पुढे समुद्रात गेलेलं नव्हतं. मला हे वेड कुठून लागलं ते मलाही नीट सांगता येणार नाही. कारखान्यात नोकरीला असताना मीटर तपासायला उंच मनोऱ्यावर चढावं लागायचं, आणि वरून दुपारच्या वेळी लांबवर एखादं शीड दिसायचं. बहुधा तिथून.

होडी घेणं सोपं. ती चालवायला शिकवणारा आणि सांभाळणारा माणूस लागतो. तो मला कारखान्यातच वीस वर्षांपूर्वी भेटला होता. थळचे कोळी, आमच्याकडे खलाशी म्हणून कामाला. समुद्रावरचे खलाशी नव्हेत. कारखान्यात जड पंप, मोटारी, पाइप चेनपुलीने उचलून जागेवर बसवणाऱ्यांनाही खलाशीच म्हणतात. दोन टनांचा पंप लटकत असताना हे गृहस्थ दोराला बोटाने एक टिचकी मारत आणि सांगत, ‘न्हाय सायब, ह्यो दोर बदला.’ आम्ही बदलायचो. ते माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठे, पण नोकरीत मी त्यांना ‘ए, इकडे ये रे’ अशीच हाक मारत असे. सगळेच मारत. निवृत्तीनंतर, होडी आल्यावर, मी त्यांना ‘नाखवा’ म्हणू लागलो आणि अरे-तुरेचं अहो-जाहो केलं. ते मला ‘सायब’च म्हणत राहिले. मला वाटायचं, मी मनाचा मोठेपणा दाखवला.

थळच्या उघड्या किनाऱ्यावर एवढी हलकी होडी नांगरून ठेवणं धोक्याचं, म्हणून नाखवांनी तिला रेवदंड्याच्या खाडीत जागा मिळवून दिली. त्यांच्या बायकोचं माहेर तिथलं. मेव्हण्याचा मोठा मच्छीमारी ट्रॉलर धक्क्याजवळ उभा असतो, त्याच्या आडोशाला आमची होडी. मेव्हण्याने जागेबद्दल कधी एक शब्द काढला नाही. घरच्या जावयाचा शब्द होता, एवढं पुरे होतं. दर रविवारी आम्ही दोघं माझ्या स्कूटरवरून अलिबागहून निघायचो, चौल नाक्यावर चहा घ्यायचो आणि नऊपर्यंत पाण्यात असायचो. चार वर्षं असं चाललं. माझ्या आयुष्यात सरळ सुखाची म्हणावीत अशी फार वर्षं नाहीत, पण ती चार होती.

पाचव्या वर्षी माझा उजवा खांदा आखडला.

शीडहोडी न पाहिलेल्यांसाठी थोडं सांगतो. मोठ्या शिडाच्या तळाशी एक आडवी दांडी असते, तिला बूम म्हणतात. त्या बूमला बांधलेला दोर हातात धरून शीड आत ओढायचं किंवा बाहेर सोडायचं. होडीचा सगळा लगाम त्या एका दोरात असतो. आमच्या होडीत तो मागच्या कडेवर दोन साध्या कप्प्यांमधून जायचा. कप्प्या जुन्या, पितळी, खाऱ्या पाण्याने घट्ट झालेल्या. वारा वाढला की तो दोर ओढताना माझ्या खांद्यातून कळ निघायची. डॉक्टर म्हणाले, होडी बंद करा. मी त्याऐवजी नवं सामान मागवलं.

खोकं मुंबईहून आलं. काळ्या, हलक्या कप्प्या, आत छोट्या गोळ्यांचं बेअरिंग. बोटाने फिरवली की फिरतच राहायची. बोटाएवढा जाड, मऊ दोर. आणि होडीच्या मधोमध तळावर बसवायची एक गोल फिरती बैठक. तिच्यावर एक कप्पी आणि दातांचा एक चाप. दोर ओढून त्या चापात दाबला की तो तिथेच पकडला जातो, हात मोकळे. सोडायचा असेल तर दोर वर झटकायचा.

नाखवांनी एकेक वस्तू हातात घेऊन पाहिली. कप्पीवर ते बेहद्द खूश झाले. चापाकडे मात्र जरा संशयाने पाहिलं.

‘दोर हातात असला ना सायब, की वारा काय बोलतो ते कळतं. ह्यो चाप बोलूच देणार न्हाय.’

‘खांदा दुखतो हो माझा.’

‘मग लावू. पण एक हाय. आधी जोर मागं दोन ठिकाणी वाटला होता. आता सगळा ह्या एका बैठकीवर येणार. हिला नुसत्या स्क्रूवर उभी करायची न्हाय. आरपार बोल्ट आणि खालून स्टीलची पट्टी.’

दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी पट्टी आणली. अलिबागच्या एका वर्कशॉपमधून कापून, चार भोकं पाडून, कडा घासून. होडीचा तळ दुहेरी, मध्ये पोकळ. पट्टी बसवायची तर त्या पोकळीत हात घालायला लागतो, आणि त्यासाठी बाजूला एक छोटं गोल झाकण आहे. माझा खांदा तेवढा वळत नव्हता. हात त्यांचाच जाणार. पण त्याच आठवड्यात थळला त्यांच्या पुतणीचं लग्न होतं.

‘शनवारी लगीन. सोमवारी येतो, बसवतो. तवर काय हात लावू नका,’ ते म्हणाले.

गुरुवारी माझ्या जुन्या साहेबांचा फोन आला. कारखान्यात असताना मी ज्यांच्या हाताखाली बारा वर्षं काढली ते. आता पुण्यात असतात. रविवारी बायकोसह अलिबागला येत होते. ‘तुझी ती होडी एकदा दाखव की,’ असं ते म्हणाले, आणि मी फोनवर पंधरा मिनिटं नव्या कप्प्यांचं वर्णन केलं. शीड कसं दोन बोटांनी ओढता येतं हेही सांगितलं, जेव्हा ते सामान अजून खोक्यात होतं.

काढून ठेवलेल्या जुन्या पितळी कप्प्या पिशवीतच होत्या. मी त्या परत लावू शकलो असतो. अर्ध्या तासाचं काम. साहेबांना एवढंच सांगायचं होतं की नवं सामान अजून बसवून व्हायचंय. ते काही बोलले नसते.

शुक्रवारी दुपारी मी एकटा रेवदंड्याला गेलो. ओहोटी होती, होडी चिखलात बसलेली. मी बैठक तळावर ठेवली, चार भोकं पाडली आणि वरून चार स्क्रू पिळले. पट्टी पिशवीत तशीच राहिली. मग दोर ओवला, पाय रोवून डाव्या हाताने पूर्ण ताकदीने ओढून पाहिला. हललं नाही. तीस वर्षं नोकरीत मी दुसऱ्यांच्या कामाची तपासणी केली. अशी तपासणी कोणी माझ्यासमोर केली असती तर मी त्याला दारातून बाहेर काढला असता.

रविवारी, मी फोन करून बोलावलं म्हणून, नाखवा थळहून थेट आले. लग्नाच्या जागरणाने डोळे लाल, अंगाला अजून हळदीचा वास. साहेब आणि त्यांच्या पत्नी धक्क्यावर फोटो काढत होते. नाखवा होडीत उतरले, वाकले आणि बैठकीवर हात ठेवला.

‘बसवलीत?’

‘हो.’

‘खालून पट्टी लावलीत?’

‘हो.’

‘हात कसा गेला?’

‘गेला कसाबसा.’

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तेव्हा मला वाटलं होतं की त्यांना आश्चर्य वाटलं असेल. ते उठले आणि नांगर काढायला पुढे गेले. आपल्या सायबाला, म्हणजे मला, दुसऱ्यांदा तोच प्रश्न विचारायची सवय त्यांना कधी नव्हती, हे मी हिशेबात धरलं होतं. ते आज मला लिहिताना कळतंय असं नाही. तेव्हाच कळत होतं.

सकाळची मतलई, जमिनीकडून येणारा वारा, अगदी मंद होती. खाडीच्या तोंडातून आम्ही बाहेर पडलो, कोर्लईच्या टोकाखालून हळूच फिरलो. साहेब सुकाण्यावर बसले. दोर ओढून ‘वा, किती हलकं!’ म्हणाले. त्यांच्या पत्नी पहिल्यांदाच होडीत बसल्या होत्या, काठ घट्ट धरून, पण खूश होत्या. नाखवांना त्यांनी शिडाबद्दल बारीकसारीक विचारलं. बाराच्या सुमारास वारा पडला आणि मग वायव्येकडून भरू लागला. फेब्रुवारीत तो दुपारी असाच येतो, आधी पाणी काळं करत.

‘आता आत वळू,’ नाखवा म्हणाले.

‘आणखी एक फेरी मारू ना,’ साहेब म्हणाले. ‘आत्ता तर मजा आहे.’

मी सुकाणू माझ्याकडे घेतलं आणि वाऱ्याच्या तोंडाला होडी लावली. शीड घट्ट आत ओढलं, दोर चापात दाबला. होडी कलली, जोरात पळायला लागली. साहेब ओरडून दाद देत होते. वाऱ्याचा पहिला फटका आला. दुसरा त्याहून मोठा.

‘दोर सोडा, सायब!’

मी दोर वर झटकला. ताण एवढा होता की तो चापाच्या दातांतून सुटेना. पुन्हा झटकला. तेवढ्यात माझ्या पायाशी कोरडं लाकूड मोडावं तसा आवाज झाला आणि बैठक चारही स्क्रूंसकट तळातून उपटून वर उडाली. दोराच्या टोकाला ती गोफणीतल्या दगडासारखी फिरली आणि बाईंच्या मनगटावर बसली. बूम सगळा बाहेर फेकला गेला, होडी दुसऱ्या अंगाला आदळली. बाई किंचाळल्या. साहेब त्यांच्या अंगावर पडले. नाखवांनी धावत्या दोरावर झेप घेतली आणि तो उघड्या हातांनी धरला. दोर त्यांच्या तळव्यांतून हातभर सरकला, तेव्हा कुठे थांबला. मग त्यांनी शीड खाली पाडलं. मी सुकाणू धरून बसलो होतो. बाकी काही केलं नाही.

मेव्हण्याने धक्क्यावरून पाहिलं होतं. इंजिनची होडी घेऊन तो आला आणि आम्हाला ओढून न्यायला लागला. त्या दहा मिनिटांत साहेब बायकोचा हात मांडीवर घेऊन बसले होते; मनगट सुजून वाकडं दिसत होतं. नाखवा खाली वाकून दोर गोळा करत होते. मी पाहिलं, त्यांनी ती उपटलेली बैठक दोरातून सोडवली. चार आखूड स्क्रू अजून तिच्यात लटकत होते, टोकांना पांढरा फायबरचा भुगा. त्यांनी ती क्षणभर हातात धरली आणि माझ्या पिशवीत टॉवेलाखाली सरकवली. साहेब इंजिनियर. ते स्क्रू त्यांनी पाहिले असते तर एक प्रश्न विचारायची गरज पडली नसती. नाखवांनी त्यांना ते दिसू दिले नाहीत. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही.

धक्क्यावर दहा-बारा माणसं जमली. मासळी निवडणाऱ्या बायका उठून आल्या. रिक्षा बोलवायला कोणी पळालं. साहेबांनी बायकोला एका उलट्या टोपलीवर बसवलं आणि ते आमच्याकडे वळले.

‘हे बसवलं कोणी?’ त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, ‘याने. मी त्याला सांगितलं होतं, नीट बसव म्हणून.’

‘याने’ म्हणालो. ‘यांनी’ नाही, ‘नाखवांनी’ नाही. पाच वर्षांचं अहो-जाहो त्या एका वाक्यात गळून पडलं, आणि मला ते बोलायला कष्ट पडले नाहीत. तेच मला जास्त खुपतं. खोटं बोलताना माणूस निदान अडखळतो. मी जुन्या सवयीने सरळ बोलून गेलो.

‘तू कारखान्यात खलाशी होतास ना?’ साहेब त्यांना म्हणाले. ‘तीस वर्षं हेच केलंस आणि चार बोल्ट धड बसवता येत नाहीत? अशा माणसाला होडीला हात लावू देऊ नका रे!’ हे शेवटचं त्यांनी जमलेल्या लोकांना सांगितलं.

नाखवांनी दोन्ही हात रुमालात गुंडाळले होते. रुमालावर रक्त आलं होतं. मेव्हणा शेजारीच उभा होता, त्यांच्या तोंडाकडे बघत.

‘चुकी झाली, सायब,’ नाखवा म्हणाले.

अलिबागला बाईंच्या हाताला प्लास्टर घातलं. साहेबांना मी गाडीपर्यंत सोडलं. ते मला म्हणाले, ‘तुझी काही चूक नाही. अशा लोकांवर विसंबून राहिलं की असं होतं.’ मी मान हलवली. नाखवा घरी कसे गेले, हाताला कोणी मलम लावलं का, हे मी त्या दिवशी विचारलं नाही. माझ्या बायकोने विचारलं. तिलाही मी तेच सांगितलं होतं जे धक्क्यावर सांगितलं होतं. ‘अहो, पण त्यांचे हात?’ ती म्हणाली. मी म्हणालो, ‘असेल थोडं खरचटलं.’

चार दिवसांनी फोन केला. ‘बरं न्हाय सायब,’ ते म्हणाले. पुढच्या आठवड्यातही तेच. मग मी फोन करणं सोडलं, आणि मला हायसं वाटलं. होडी मेव्हण्याच्या ट्रॉलरमागे तशीच नांगरलेली होती. मी तिकडे गेलो नाही. फेब्रुवारी गेला, मार्च गेला. मी स्वतःला समजावत होतो की नाखवांनी स्वतःच कबूल केलंय, कोणी त्यांच्या तोंडात शब्द घातले नव्हते. रोज सकाळी फिरायला गेलो की किनाऱ्याकडे न जाता बाजाराच्या बाजूने वळायचो.

बाजारातच त्यांची बायको भेटली. अलिबागला त्या सुकी मासळी घेऊन बसतात. बोंबील, सुकट, वाकट्या. मी नेहमी त्यांच्याकडूनच घ्यायचो. त्या दिवशी मी दुसऱ्या रांगेने जाणार होतो, पण त्यांनी मला आधीच पाहिलं.

‘सायब! ओ सायब!’

मी गेलो. त्या उठून उभ्या राहिल्या. हात पदराला पुसले आणि जोडले.

‘आमच्या माणसाची चुकी झाली, सायब. त्या बाईंचा हात मोडला. मी लय दिवस सांगायचं म्हनत होते. माफी करा. त्यांना लई लागलंय मनाला, म्हनून येत न्हाईत तुमच्याकडं.’

मी काय म्हणालो? ‘असू दे, असू दे,’ म्हणालो. मोठ्या मनाने. त्यांनी कागदात मूठ-मूठ करून सुकट बांधली, वर आणखी दोन मुठी टाकल्या, आणि मी पैसे पुढे केले तर म्हणाल्या, ‘हे आज माझ्याकडनं. घरी बाईसाहेबांना द्या.’ मी ते पुडकं घेतलं. घेऊन घरी आलो. बायकोने दुपारी कांदा टाकून सुकट केली, भाकरीबरोबर वाढली. पहिला घास उचलला आणि मी तो तसाच ताटात परत ठेवला. बायको विचारत होती, खारट झालीय का. मी तिथेच ताटावर तिला सगळं सांगितलं. शुक्रवारची दुपार, चार स्क्रू, पिशवीतली पट्टी, ‘याने’.

ती उठली आणि माझं ताट उचलून नेलं.

‘आणि मी त्यांच्या बायकोला काय तोंड दाखवू?’ ती स्वयंपाकघरातून म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी थळला गेलो. नाखवा घराच्या पडवीत जाळं विणत होते. तळव्यांवर आडवी गुलाबी कातडी आली होती, चकचकीत. सुईचा दोरा ओढताना त्यांची मूठ पूर्ण मिटत नव्हती. मला बघून उठायला लागले. मी म्हणालो, बसा. स्वतः पायरीवर बसलो.

‘नाखवा, मी तुमच्याशी खोटं बोललो. पट्टी लावली नव्हती.’

‘मना म्हायती हाय.’

‘कधीपासून?’

‘तुम्ही हो म्हनालात तवाच. तुमचा हात तिथं जात न्हाय. पन मी म्हटलं, सायब कशाला खोटं बोलतील. वारा कमी हाय, आत वळवून घेऊ लवकर.’ ते जाळ्याकडे बघत होते. ‘माझी पन चुकी हाय त्यात. मी गप बसलो. बाईंचा हात मोडला.’

‘तुमची कसली चूक?’

त्यांनी जाळ्याची एक गाठ ओढून घट्ट केली.

‘मग घरी खरं का नाही सांगितलंत? बायकोला तरी?’

‘तिला सांगितलं असतं तर ती त्याच दिवशी रेवदंड्याला जाऊन बोंबलली असती. मेव्हण्यानं तुमच्या होडीचा दोर कापला असता. मग ती होडी गेली असती कुठं?’ त्यांनी सुई खाली ठेवली. ‘मेव्हण्याच्या ट्रॉलरवर नवी डोलकाठी बसवायची होती. दर साली त्याचं दोराचं काम मी करतो. यंदा त्यानं मुरूडहून मानूस आनला. मना काय बोलला न्हाय. नुस्ता मानूस आनला.’

मी हात जोडले. काहीतरी म्हणायला लागलो. त्यांनी मध्येच थांबवलं.

‘मना नका सांगू, सायब. मना काय सांगायचं? तिला सांगा.’

त्या मागच्या अंगणात बोंबील वाळत घालत होत्या. मी सांगितलं. सगळं, पहिल्यापासून. बोलता बोलता माझा आवाज साहेबी व्हायला लागला, जसं चौकशी समितीपुढे बोलतोय. मग मी थांबलो आणि पुन्हा सरळ सांगितलं. त्यांच्या हातात बोंबलांची जोडी होती, ती त्यांनी दांडीवर टाकली नाही, खालीही ठेवली नाही.

‘मी बाजारात तुमच्यापुढं हात जोडले,’ त्या म्हणाल्या. ‘चार बाया बघत होत्या.’

‘हो.’

‘आनि तुम्ही असू दे म्हनालात.’

‘हो.’

‘सुकट ऱ्हाऊ दे, ती खाल्ली असंल. माझी माफी मना परत द्या.’

मी हात जोडले. त्यांनी मान हलवली.

‘हितं न्हाय. हितं कोन बघतंय? माझ्या म्हायेरी, धक्क्यावर. जिथं बोललात तिथं.’

त्या आठवड्याच्या रविवारी मी एकटा रेवदंड्याला गेलो. ट्रॉलर आला होता, मासळी उतरत होती, बर्फाचे तुकडे पायाखाली पडलेले. कोणाला बोलवावं, कसं सुरू करावं काही कळेना. लोक कामात होते. शेवटी मेव्हणा टोपली खाली ठेवायला वाकला तेव्हा मी त्याला म्हणालो, आणि मुद्दाम मोठ्याने म्हणालो, की होडीवर ते सामान मी स्वतः बसवलं होतं, नाखवांनी लावू नका म्हणून सांगूनही बसवलं, आणि त्या दिवशी मी त्यांच्यावर खोटा आळ घातला. दोन बायकांनी मान वर केली. कोणी तरी हसलं. एका म्हाताऱ्याने बाजूच्याला विचारलं, ‘काय म्हनतोय त्यो?’ आणि बाजूच्याने त्याच्या कानात ओरडून सगळं पुन्हा सांगितलं. माझ्यापेक्षा नीट सांगितलं.

मेव्हण्याने टोपली उचलली.

‘दोन महिने लागले?’ तो म्हणाला, आणि चढून गेला.

संध्याकाळी साहेबांना फोन केला. त्यांनी ऐकून घेतलं, मग म्हणाले, ‘अरे, जाऊ दे आता. मला कशाला सांगितलंस हे?’ त्यांना माझी लाज वाटत होती की स्वतःच्या बोलण्याची, कोण जाणे. पण फोन ठेवण्याआधी त्यांच्या पत्नीने तो घेतला. त्या म्हणाल्या, ‘माझं प्लास्टर निघालं. त्यांच्या हातांना किती लागलं होतं? मी उतरताना त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही हो.’ त्यांनी नाखवांचा नंबर घेतला. फोन केला की नाही ते मी विचारलेलं नाही.

एप्रिलच्या मध्याला नाखवा होडीवर आले, न बोलावता. मी तळावरचं फाटलेलं भोक फायबर लावून बुजवत होतो. त्यांनी माझं काम पाहिलं, खरवडून टाकलं आणि पुन्हा केलं. दोन दिवसांनी, ते सुकल्यावर, त्यांनी आरपार भोकं पाडली. मग गोल झाकण काढून खांद्यापर्यंत हात आत घातला आणि पट्टी धरली. मी वरून बोल्ट पिळले. ‘हं... हं... अजून अर्धा फेरा. बस.’ एवढंच बोलणं झालं. पट्टीबद्दल, स्क्रूंबद्दल, कशाबद्दलच नाही. हात बाहेर काढल्यावर कोपराला खरचटलं होतं. मी पाणी दिलं, ते त्यांनी घेतलं.

‘पुढच्या रविवारी निघू?’ मी विचारलं.

‘न्हाय, सायब.’ थोडं थांबून म्हणाले, ‘एक मागू? होडी मना एक दिस द्या. तुम्ही नको. मी आनि घरवाली. ती कधी शिडात बसली न्हाय. आमच्या घरी इंजिनच आलं होतं ती लग्न होऊन आली तवा.’

मी हो म्हणालो. ‘तुम्ही नको’ हे त्यांनी इतक्या साधेपणाने म्हटलं की ते मला घरी पोचल्यावर लागलं.

त्या दिवशी मी धक्क्यावर उभा होतो. त्या हिरवी नऊवारी नेसून आल्या होत्या, मेव्हण्याने त्यांना हात धरून होडीत उतरवलं. माझ्याकडे बघून त्यांनी मान थोडी हलवली, हसल्या नाहीत. नाखवांनी शीड चढवलं. दोर त्यांनी चापात दाबला नाही, हातात धरला, नीट मिटणारी दोन बोटं आणि अंगठा यांच्यात. नवी कप्पी सहज फिरत होती. होडी हळूच निघाली आणि खाडीच्या आतल्या अंगाला असलेल्या पुलाकडे न जाता तोंडाकडे वळली. मेव्हणा माझ्या शेजारी उभा राहून बघत होता. त्याने बिडी काढली, मला विचारलं नाही. मग म्हणाला, ‘आमची अक्का घाबरंल वाटलं होतं.’ मला म्हणाला की स्वतःशीच, ते कळलं नाही.

दोन तासांनी ते परत आले. नाखवांच्या बायकोचे केस वाऱ्याने सुटले होते आणि त्या कशावरून तरी नवऱ्याला मोठ्याने रागावत होत्या, हसत. धक्क्याला लागताना नाखवांनी मला दोराचं टोक फेकलं. मी ते धरलं आणि खांबाला बांधलं. त्यांनी वर येऊन माझी गाठ बघितली, सोडली आणि पुन्हा बांधली.